व्हिडिओ गेममधील आवाज-ओळख तंत्रज्ञान आणि सातारा-सांगलीची मराठी बोली

सारांश

व्हिडिओ गेममध्ये खेळाडूने उच्चारलेली आज्ञा ओळखून तिच्याप्रमाणे कृती घडवून आणणारे तंत्रज्ञान गेल्या चार दशकांत विकसित झाले. प्रस्तुत लेखात या तंत्रज्ञानाची वाटचाल व कार्यपद्धती सांगून, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मराठी बोलीच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे. खेळातील आज्ञांचा शब्दसंग्रह मर्यादित असतो. त्यामुळे बोलीभाषेतील आवाज-ओळखीची सुरुवात करण्यास खेळ हे सोयीचे क्षेत्र आहे आणि त्यासाठी लागणारे प्राथमिक काम जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आवाज-ओळख, व्हिडिओ गेम, बोली, उच्चारकोश, ध्वनिसंग्रह, सातारा, सांगली

१. प्रस्तावना

व्हिडिओ गेम म्हणजे मुलांचा वेळ वाया घालविणारी करमणूक, अशी धारणा शिक्षणक्षेत्रात सर्वसाधारणपणे आढळते. या धारणेत काही तथ्य असले तरी ती अपुरी आहे. माणूस आणि यंत्र यांच्यातील संवादाचे अनेक नवे मार्ग सामान्य माणसापर्यंत पोहोचले ते खेळाच्या वाटेने. यंत्राशी तोंडाने बोलणे हा त्यांपैकीच एक मार्ग होय.

या विषयाचा भाषेच्या अध्यापकांशी थेट संबंध येतो. बटण दाबताना खेळाडूची भाषा कोणती, हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र आज्ञा तोंडाने द्यावयाची झाली की ती कोणत्या भाषेत आणि कोणत्या उच्चारात द्यावयाची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख होती. त्याच जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ नोंदली गेली. म्हणजे या दोन जिल्ह्यांतच ५८ लाखांहून अधिक लोक राहतात. त्यांच्या घरी जी मराठी बोलली जाते ती पाठ्यपुस्तकातील मराठीहून बऱ्याच अंशी निराळी आहे. ही मराठी यंत्राला कळेल काय, आणि कळावी यासाठी काय करावे लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. संकल्पनेचे स्पष्टीकरण

'आवाज-ओळख' किंवा 'व्हॉइस रेकग्निशन' या नावाखाली व्यवहारात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. त्या प्रथम वेगळ्या करणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आवाजाची केवळ चाहूल लागणे. कोनामी या जपानी कंपनीने १९९० च्या सुमारास 'लेझरस्कोप' नावाचे डोक्यावर घालावयाचे साधन बाजारात आणले. 'फायर' असे म्हटले की खेळातील बंदूक चाले; परंतु इतर कोणताही आवाज झाला तरीही ती चाले. येथे यंत्राला शब्द कळत नव्हता, केवळ आवाज झाल्याचे कळत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोण बोलले ते ओळखणे. दूरध्वनीवरून ग्राहकाची ओळख पटविण्यासाठी हिचा उपयोग केला जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे काय बोलले ते ओळखणे. खेळांच्या संदर्भात 'आवाज-ओळख' म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो आणि या लेखातही तो शब्द याच अर्थाने वापरला आहे.

याखेरीज आणखी एका गोष्टीशी गल्लत होण्याचा संभव आहे. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' यांसारख्या खेळांत खेळाडू एकमेकांशी मराठीत बोलतात, सूचना देतात, वादही घालतात. त्या ठिकाणी यंत्र केवळ आवाज वाहून नेण्याचे काम करते. अर्थ कळतो तो पलीकडच्या माणसाला. यंत्राला स्वतःला मराठी कळणे ही याहून सर्वस्वी वेगळी बाब आहे.

३. ऐतिहासिक आढावा

शब्द ओळखणाऱ्या यंत्रांचा इतिहास खेळांपेक्षा जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ मध्ये तयार झालेले 'ऑड्री' हे यंत्र इंग्रजी अंक ओळखत असे. आयबीएमने १९६२ मध्ये लोकांसमोर मांडलेले 'शूबॉक्स' १६ शब्द ओळखत असे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील 'हार्पी' या प्रणालीने १९७६ मध्ये १,०११ शब्दांचा टप्पा गाठला. तेथील या संशोधनाचे नेतृत्व मूळचे आंध्र प्रदेशातील शास्त्रज्ञ राज रेड्डी यांनी केले. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९९४ मध्ये विभागून मिळाला.

खेळांमध्ये या तंत्रज्ञानाचा प्रवेश १९८० च्या दशकात झाला. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९८३ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या घरगुती संगणकासाठी आवाज ओळखणारे जोडयंत्र आणले. त्यानंतरचे महत्त्वाचे टप्पे जपानमध्ये घडले. निन्टेन्डोचा पिकाचूशी बोलण्याचा खेळ १९९८ मध्ये जपानमध्ये आणि २००० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. या खेळातील ओळख-यंत्रणा मुलांच्या उंच पट्टीच्या आवाजासाठी जुळविलेली होती. त्यामुळे प्रौढांचे जाड आवाज ओळखणे तिला अवघड जाई. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. यंत्राला 'आवाज' असा सर्वसाधारणपणे कळत नाही. ज्यांच्या आवाजावर त्याला घडविले, त्यांच्यासारखे आवाज त्याला कळतात.

'सीमन' या १९९९ च्या खेळात मानवी चेहऱ्याच्या माशाशी गप्पा मारता येत. २००२ मधील 'सोकॉम' या खेळात खेळाडू आपल्या सैनिकांना तोंडी हुकूम देऊ शकत असे. २००३ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'ऑपरेटर्स साइड', म्हणजेच अमेरिकेतील 'लाइफलाइन', या खेळात संपूर्ण कथानक आवाजावर चालविण्याचे धाडस केले गेले. खेळाडूने नायिकेला जे सांगावे ते तिने करावे, अशी योजना होती. शब्दसंग्रह मोठा ठेवल्यामुळे चुकाही मोठ्या प्रमाणावर होत आणि त्याबद्दल या खेळावर बरीच टीका झाली. याउलट २००८ मधील 'एंडवॉर' या युद्धखेळाने शब्दसंग्रह मुद्दाम आखूड ठेवला आणि तो तुलनेने यशस्वी ठरला. या दोन खेळांतील फरकाचे कारण पुढील भागात स्पष्ट होईल.

मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट' या उपकरणाने २०१० नंतर आवाजी आज्ञा काही काळ लोकप्रिय केल्या. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. २०२० मध्ये आलेल्या 'फॅस्मोफोबिया' या भुताच्या खेळात खेळाडू भुताला प्रश्न विचारतो आणि भूत प्रतिसाद देते. या खेळाने आरंभी विंडोज प्रणालीत अंतर्भूत असलेल्या आवाज-ओळखीचा आधार घेतला होता. विंडोजच्या त्या जुन्या सुविधेत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी व चिनी या भाषा होत्या. मराठी नव्हती. याचा अर्थ असा, की सांगलीतील खेळाडूलाही भुताशी इंग्रजीतच बोलावे लागणार.

४. कार्यपद्धती

खेळाडूच्या तोंडातून शब्द बाहेर पडल्यापासून पडद्यावर कृती होईपर्यंत सर्वसाधारणपणे पुढील टप्पे घडतात.

(अ) ध्वनीचे अंकांत रूपांतर : मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. संगणक त्याची दर सेकंदाला बहुधा १६,००० वेळा मोजणी करतो.

(आ) वैशिष्ट्यांचे पृथक्करण : या अंकप्रवाहाचे सुमारे २५ सहस्रांश सेकंदाचे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे, हे काढले जाते. मिरजेच्या तंबोऱ्याच्या उदाहरणाने हे समजून घेता येईल. दोन तंबोरे एकाच षड्जात मिळविले तरी त्यांचा नाद वेगळा ऐकू येतो. कारण मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांचे प्रमाण वेगळे असते. त्याचप्रमाणे 'आ' आणि 'ई' एकाच पट्टीत म्हटले तरी कान त्यांतला फरक ओळखतो, तो या प्रमाणावरून. यंत्रही तेच करते.

(इ) ध्वनींची ओळख : या वैशिष्ट्यांवरून कोणता स्वनिम, म्हणजे अर्थभेद करणारा लहानात लहान ध्वनी, उच्चारला गेला असण्याची संभाव्यता किती, हे ठरविले जाते. पूर्वी यासाठी संख्याशास्त्रीय प्रतिमाने वापरली जात. २०१० नंतर त्यांची जागा मुख्यतः कृत्रिम चेताजालांनी घेतली.

(ई) उच्चारकोश : स्वनिमांच्या कोणत्या साखळीपासून कोणता शब्द होतो, याची यादी यंत्राजवळ असते.

(उ) व्याकरण : कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येऊ शकतो, याचे नियम ठरलेले असतात.

(ऊ) विश्वासाचा उंबरठा : ओळख पुरेशी खात्रीची वाटली तरच कृती होते, अन्यथा यंत्र गप्प राहते. उंबरठा उंच ठेवला तर बरोबर आज्ञाही नाकारल्या जातात. खाली ठेवला तर दिवाणखान्यातील बोलण्यानेही खेळातील पात्र पळू लागते.

अलीकडच्या काही प्रणाली यांतील मधले टप्पे एकत्र करून थेट ध्वनीपासून अक्षरांपर्यंत जातात. तथापि खेळांतील ठरावीक आज्ञांच्या दृष्टीने वरील विभागणी समजण्यास अधिक सोपी आहे.

'एंडवॉर' तुलनेने यशस्वी का झाला, हे आता सांगता येईल. त्यात आज्ञेचा साचा ठरलेला होता : कोणी, काय, कोठे. समजा, खेळात ६ तुकड्या, ५ कृती आणि ८ ठिकाणे आहेत. यंत्राला ओळखावे लागणारे घटक केवळ १९ आहेत. परंतु त्यांपासून ६ × ५ × ८ म्हणजे २४० भिन्न आज्ञा तयार होतात. शिवाय प्रत्येक जागी यंत्राला फक्त ५ ते ८ पर्यायांतून निवड करावयाची असते. कोणत्याही विषयावरील मोकळे बोलणे टिपून घेण्याच्या तुलनेत हे काम अतिशय सोपे आहे. यालाच बंदिस्त शब्दसंग्रह म्हणता येईल. बोलीभाषेच्या दृष्टीने खेळाचे जे महत्त्व आहे ते येथेच आहे.

५. मराठीची रचना आणि खेळातील आज्ञा

इंग्रजी खेळातील शब्दयादीचे भाषांतर केले की मराठी खेळ तयार झाला, असे समजणे चुकीचे ठरेल. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण शब्दक्रमाचे. इंग्रजीत क्रियापद आधी आणि स्थळ नंतर येते. मराठीत 'पहिली तुकडी पुलाकडे जाऊ दे' असे क्रियापद शेवटी येते. घाईत मात्र 'जा पुलाकडे' असाही क्रम होतो. खेळात घाई हीच नित्याची स्थिती असल्याने दोन्ही क्रम व्याकरणात धरावे लागतात.

दुसरे कारण विभक्तीचे. मराठीत नामाचे सामान्यरूप होते आणि प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय त्याला जोडून येते. पूल या एका शब्दापासून पुलाकडे, पुलावर, पुलाखाली, पुलापाशी, पुलावरून, पुलापलीकडे अशी रूपे तयार होतात आणि खेळाच्या दृष्टीने त्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. म्हणून ८ ठिकाणांच्या नावांसाठी ८ शब्द पुरत नाहीत. प्रत्येकाची रूपावली द्यावी लागते.

तिसरे कारण लिपी आणि उच्चार यांतील अंतराचे. देवनागरी बऱ्याच अंशी उच्चारानुसारी असल्याने मराठीचा उच्चारकोश तयार करणे इंग्रजीपेक्षा सोपे आहे, हे खरे. तरीही काही गोष्टी लिपी सांगत नाही. च, ज, झ या अक्षरांचे मराठीत दोन उच्चार आहेत. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द सारखेच लिहिले जातात. परंतु त्यांतील 'ज' भिन्न आहे. तालव्य आणि दंततालव्य हा भेद मराठी माणूस लहानपणीच शिकतो. यंत्राला तो स्वतंत्रपणे शिकवावा लागतो.

६. सातारा-सांगलीच्या बोलीचे प्रश्न

वरील तीन अडचणी प्रमाण मराठीच्या आहेत. बोलीचा विचार केला की त्यांत भर पडते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मराठी एकजिनसी नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. वाई-खंडाळ्याचे बोलणे, माण-खटाव-आटपाडीच्या माणदेशी पट्ट्यातील बोलणे, शिराळा-वाळव्याचे कोल्हापूरकडे झुकणारे बोलणे आणि जत तालुक्यातील कन्नडच्या सान्निध्यात वाढलेले बोलणे यांत स्पष्ट फरक आहेत. तरीही काही लकबी या पट्ट्यातील ग्रामीण बोलण्यात मोठ्या प्रमाणावर आढळतात. खेळातील आज्ञांच्या दृष्टीने महत्त्वाच्या अशा काही लकबी पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) शब्दाच्या शेवटचा 'ए' : पुढे, मागे, इकडे, तिकडे, कुठे हे शब्द पुढं, मागं, इकडं, तिकडं, कुठं असे उच्चारले जातात. हा अनुस्वार नाकातून उच्चारला जात नाही. तो शेवटच्या स्वराचा 'ए' न होता लांबट 'अ' झाल्याची खूण आहे. दिशादर्शक शब्द हा तर खेळातील आज्ञांचा कणा. ज्या यंत्राजवळ फक्त 'पुढे' आहे, त्याला 'पुढं' ओळखता येईलच असे नाही.

(आ) आरंभीचे 'ए' आणि 'व' : एक, वेळ, वेगळा यांचे येक, येळ, येगळा असे उच्चार होतात, वीसचा ईस होतो.

(इ) संख्या : 'दहा'चा 'धा' आणि 'सहा'चा 'सा' होतो. दोन अवयवांचा शब्द एका अवयवाचा झाला म्हणजे यंत्राच्या हाती ओळखण्यासाठी येणारा ध्वनीही अर्ध्यावर येतो.

(ई) 'ण' आणि 'न' : अनेकांच्या बोलण्यात पाणी, लोणी यांचे पानी, लोनी होते.

(उ) होकार-नकार : 'होय'चे 'व्हय' आणि 'नाही'चे 'न्हाई' किंवा 'न्हाय' होते. खेळात यंत्राने विचारलेल्या प्रश्नाला दिले जाणारे हे सर्वांत साधे उत्तर होय.

(ऊ) क्रियापदाची रूपे : सांगली जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणि कोल्हापूरकडे 'काय करत आहेस' याऐवजी 'काय करायलायस' असे म्हटले जाते. त्या भागात मुलीही 'मी आलो', 'मी जातो' असे म्हणताना आढळतात. क्रियापदावरून बोलणारा मुलगा की मुलगी, हे ठरविणाऱ्या प्रणालीची तेथे फसगत होईल.

यांतील पहिल्या पाच लकबींवरील उपाय तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. उच्चारकोशात एका शब्दापुढे एकाहून अधिक उच्चार नोंदविता येतात : पुढे–पुढं, दहा–धा, नाही–न्हाई–न्हाय. अडचण आहे ती कोणते उच्चार नोंदवावयाचे, ते कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या वयोगटात किती प्रमाणात आढळतात, हे सांगणाऱ्या माणसांची. ही माहिती परदेशातील अभियंत्याजवळ नाही. ती स्थानिक मराठी विभागाजवळ आहे, किंवा असावयास हवी.

या परिसराच्या बोलीची लिखित नोंद बरीच आहे. मूळचे माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी येथील बोलणे साहित्यात आणले. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आणि त्यातील सामग्री अभ्यासकांना खुली केली. शब्द आणि रूपे यांची यादी करण्यास ही सामग्री अत्यंत उपयुक्त आहे. परंतु यंत्राला घडविण्यासाठी मुळात ध्वनी लागतो; तोही असंख्य कंठांतून आलेला.

७. मराठीतील दोन प्रत्यक्ष उदाहरणे

मराठीत बंदिस्त शब्दसंग्रहाची पद्धत यापूर्वी वापरली गेली आहे. मात्र ती खेळासाठी नव्हे, तर बाजारभावासाठी. केंद्र शासनाच्या साहाय्याने सहा भारतीय भाषांत शेतमालाचे भाव दूरध्वनीवरून सांगणाऱ्या प्रणाली विकसित करण्यात आल्या. मराठीचे काम मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केले. शेतकऱ्याने शेतमालाचे आणि ठिकाणाचे नाव सांगावे आणि यंत्राने त्या दिवशीचा भाव ऐकवावा, अशी ती योजना होती. त्यासाठी राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवरून ध्वनिमुद्रित करण्यात आले. या संग्रहाविषयीचा शोधनिबंध २०१३ मध्ये सादर झाला. सांगलीच्या शेतकऱ्याने 'हळद, सांगली' असे म्हणणे आणि खेळाडूने 'पहिली तुकडी, पूल' असे म्हणणे, यांत तंत्राच्या दृष्टीने काहीच फरक नाही. दोन्हीकडे ठरलेल्या जागी ठरलेल्या यादीतील शब्द ओळखावयाचा असतो.

दुसरे उदाहरण खेळाच्या अधिक जवळचे आहे. गूगलने मार्च २०१९ मध्ये 'बोलो' हे मुलांना वाचन शिकविणारे उपयोजन हिंदी व इंग्रजीसाठी आणले. तत्पूर्वी उत्तर प्रदेशातील सुमारे २०० गावांत त्याची चाचणी झाली होती. मे २०२० मध्ये ते 'रीड अलाँग' या नावाने नऊ भाषांत उपलब्ध झाले आणि त्यांत मराठीचा समावेश होता. मूल गोष्ट मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, अडखळल्यास 'दिया' नावाचे पात्र मदत करते आणि बरोबर वाचनाबद्दल तारे मिळतात. मधूनमधून शब्दांचे छोटे खेळही असतात. मुलाचा आवाज उपकरणावरच तपासला जाईल, अशी रचना कंपनीने केली होती.

या उदाहरणातून अध्यापकांसाठी एक मूलभूत प्रश्न निर्माण होतो. पडद्यावर 'पाणी' असे लिहिले आहे आणि मुलाने 'पानी' असे वाचले. ही वाचनातील चूक मानावयाची की बोलीतील उच्चार? अनुभवी शिक्षक हा भेद करतो. मुलाला अक्षर ओळखता आले आहे, उच्चार मात्र घरचा आहे, हे त्याच्या लक्षात येते. यंत्राला हा भेद कोणी तरी आधी शिकविलेला असावा लागतो. तो न शिकविल्यास मुलाला तारा मिळणार नाही आणि का मिळाला नाही, हेही त्याला कळणार नाही.

खेळाच्या बाबतीत याचा परिणाम अधिक जलद होतो. 'पुढं' म्हटल्यावर पात्र हलले नाही तर मूल 'पुढे' म्हणून पाहील; तरीही हलले नाही तर 'गो' म्हणेल. पात्र 'गो'ला हलले की पुढच्या वेळी ते पहिल्यांदाच 'गो' म्हणेल. कोणीही मराठीला मनाई केलेली नसते. मराठीचा उपयोग होत नाही, एवढेच मुलाच्या अनुभवास येते. भाषा मागे पडण्याची ही प्रक्रिया कोणत्याही सक्तीपेक्षा शांतपणे घडते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मुलांच्या रोजच्या यंत्रव्यवहारात तिला स्थान मिळणे हा त्याहून निराळा आणि कष्टाचा भाग आहे.

८. सद्यःस्थिती आणि मर्यादा

सर्वसाधारण मराठीची स्थिती गेल्या काही वर्षांत बरीच सुधारली आहे. गूगलने २०१७ मध्ये आवाजी टंकलेखनात आणि २०१८ मध्ये आपल्या 'असिस्टंट'मध्ये मराठीचा अंतर्भाव केला. केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'व्हिस्पर' या खुल्या प्रणालीतही मराठी आहे; मात्र इंग्रजीच्या तुलनेत तिची मराठीतील अचूकता बरीच कमी आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'एआय फॉर भारत' गटाने २०२४ मध्ये मांडलेल्या 'इंडिकव्हॉइसेस' या संग्रहात २२ भाषांतील १६,२३७ व्यक्तींचे ७,३४८ तासांचे ध्वनिमुद्रण होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा 'वाणी' प्रकल्प देशातील प्रत्येक जिल्ह्यातून आवाज गोळा करण्याचे उद्दिष्ट ठेवून सुरू झाला.

तथापि खेळांच्या बाबतीत तीन मर्यादा शिल्लक राहतात. पहिली मुलांच्या आवाजाची. मुलांचा स्वरमार्ग आखूड असल्याने त्यांच्या ध्वनीतील प्रमुख कंपनसंख्या उंच असतात. प्रौढांच्या आवाजावर घडविलेली प्रणाली तेथे अधिक चुकते. दुसरी परिसराची. खेळाचा स्वतःचा गोंगाट, घरातील दूरदर्शन संच आणि साधा मायक्रोफोन यांतून शब्द वेगळा काढावा लागतो. तिसरी विलंबाची. आवाज दूरच्या संगणकाकडे पाठवून उत्तर मागवावयाचे तर चांगले नेटवर्क लागते. डोंगरी भागातील पाटण किंवा जावळीच्या खेड्यात त्याची शाश्वती नसते, आणि खेळात अर्ध्या सेकंदाचा उशीरही घातक ठरतो. बंदिस्त शब्दसंग्रहाची छोटी प्रणाली मोबाइलमध्येच बसू शकते, हा तिचा आणखी एक लाभ होय.

या तंत्रज्ञानाची एक संरक्षक बाजूही आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी' या खेळाने २०२३ पासून खेळाडूंच्या बोलण्यातील शिवीगाळ व धमक्या शोधण्यासाठी 'टॉक्समॉड' ही आवाज तपासणारी प्रणाली वापरण्यास प्रारंभ केला. त्याची सुरुवात इंग्रजीपासून झाली. ज्या यंत्राला एखादी भाषा कळत नाही, त्याला त्या भाषेतील शिवीगाळही कळत नाही. म्हणजेच भाषा यंत्राबाहेर राहिली तर तिचे बालभाषकही त्या संरक्षणाबाहेर राहतात.

९. महाविद्यालयांना करता येण्याजोगे कार्य

या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांना मोठ्या निधीशिवाय करता येईल असे काम पुढीलप्रमाणे मांडता येईल.

समजा, एका साध्या मराठी खेळासाठी ४० आज्ञा निश्चित केल्या. दोन्ही जिल्ह्यांतील १०० व्यक्तींकडून प्रत्येक आज्ञा ३ वेळा म्हणवून घेतली, तर १२,००० ध्वनिमुद्रणे होतात. प्रत्येकी २ सेकंद धरल्यास हा संग्रह ६ तास ४० मिनिटांचा होतो. देशव्यापी संग्रहांपुढे तो अगदी लहान आहे. पण मोठ्या संग्रहांवर घडविलेल्या खुल्या प्रणालीला ४० आज्ञांपुरते स्थानिक वळण लावण्यास आणि मुख्य म्हणजे ती कोठे चुकते हे तपासण्यास तो उपयोगी पडेल.

या कामात विभागवार वाटणी स्वाभाविकपणे होते. मराठी विभागाने आज्ञांची रूपावली आणि पर्यायी उच्चार ठरवावेत. संगणकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ध्वनिमुद्रण व चाचणी करावी. मानसशास्त्र विभागाने यंत्र न समजल्यास मुले आपले बोलणे कसे बदलतात, याचे निरीक्षण करावे. ही निरीक्षणे भाषाशिक्षणासाठीही मोलाची ठरतील.

दोन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. ज्यांच्या आवाजावर प्रणाली घडविली, त्यांच्याच आवाजावर तिची परीक्षा घेऊ नये. तसेच निकाल सर्वांचा एकत्र न देता तालुका, वय व लिंग यांनुसार वेगळा द्यावा. कारण सरासरी चांगली असूनही जतच्या मुलीला यंत्र दाद देत नाही, असे घडू शकते. दुसरे पथ्य संमतीचे. आवाजावरून व्यक्ती ओळखता येते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची तरतूद आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी लेखी संमती घेणे, नावे वेगळी ठेवणे आणि मागणी झाल्यास मुद्रण नष्ट करणे, हे नियम आरंभीच ठरवावेत.

१०. निष्कर्ष

१) व्हिडिओ गेममधील आवाज-ओळख मर्यादित शब्दसंग्रहावर अधिक विश्वासार्ह ठरते. हे 'लाइफलाइन' व 'एंडवॉर' यांच्या तुलनेतून दिसून येते.

२) मराठी खेळासाठी इंग्रजी आज्ञांचे भाषांतर पुरेसे नाही, शब्दक्रम, सामान्यरूप आणि उच्चारभेद यांचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे.

३) सातारा-सांगलीच्या बोलीतील बहुतेक उच्चारभेद नियमित असल्याने उच्चारकोशातील पर्यायी नोंदींनी ते बऱ्याच अंशी हाताळता येतात.

४) बोलीतील उच्चार आणि वाचनातील चूक यांत फरक करणे हा तांत्रिक प्रश्नाइतकाच शैक्षणिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर भाषेच्या अध्यापकांनी द्यावयाचे आहे.

५) मुलांचे आवाज, स्थानिक बोली आणि संमती या तिन्ही बाबतींत जिल्हा पातळीवरील महाविद्यालये जे काम करू शकतात, ते दूरच्या संस्थांना सहज करता येणार नाही.

यंत्राशी बोलताना माणसाने आपली बोली बदलावी, की माणसाची बोली ऐकून यंत्राने स्वतःला बदलावे, हा या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. तंत्राच्या दृष्टीने दुसरा पर्याय आज शक्य आहे. त्यासाठी 'पुढं' हा उच्चार कोणी तरी ध्वनिमुद्रित करून उच्चारकोशात नोंदवावा लागेल.